पोर्टेबल प्लेअरवर लॉसलेस गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिशातल्या प्लेअरवर लॉसलेस फाइली वाजवायला सुरुवात केली की दोन तऱ्हेचे प्रश्न पडतात. पहिला, ‘हे चालत का नाही?’ आणि दुसरा, ‘चालतंय, पण एवढ्या खटाटोपाने मिळालं काय?’ दोन्हींची उत्तरं खाली दिली आहेत. वाचताना एक लक्षात ठेवा. फाइल पूर्ण असली म्हणजे काम झालं असं होत नाही, ती कानापर्यंतही पूर्ण पोचायला हवी. वाटेत मेमरी कार्ड लागतं, प्लेअरचं सॉफ्टवेअर लागतं, तार किंवा ब्लूटूथ लागतं, शेवटी हेडफोन लागतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ या वाटेतच कुठेतरी सापडलं आहे.

लॉसलेस म्हणजे नेमकं काय?

सीडीवर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं, म्हणजे नमुने, असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट होतात. एमपी३ हा पसारा कमी करताना कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग टाकून देतं आणि जास्तीत जास्त ३२० किलोबिटांत सगळं बसवतं. टाकलेलं पुन्हा मिळत नाही. लॉसलेस पद्धत काहीच टाकत नाही, नीट घडी घालून ठेवते. झिप फाइल उघडली की मजकूर जसाच्या तसा हाती येतो, तसंच फ्लॅक या लॉसलेस स्वरूपातली फाइल उलगडली की सीडीवरचा बिट न् बिट परत मिळतो.

ही घडी घालण्याची युक्ती मला फार आवडते. आधीच्या काही नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकला असेल तेवढाच फरक लिहून ठेवायचा. फरकाचे आकडे लहान, म्हणून जागा कमी. त्यामुळेच एकट्या बासरीचं शांत ध्वनिमुद्रण छान आटतं आणि वाद्यांनी गच्च भरलेलं, चढ्या आवाजात मिक्स केलेलं गाणं फारसं आटत नाही. एकाच अल्बममधल्या फाइलींचे बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारे किलोबिट, वेगवेगळे दिसले तर घाबरू नका. बिटरेट कमी म्हणजे दर्जा कमी, हे लॉसलेसला लागूच होत नाही.

फ्लॅक, ॲलॅक, वेव्ह, एप… यातलं कुठलं घेऊ?

फ्लॅक. दुसरं काही घ्यायला ठोस कारण नसेल तर फ्लॅकच.

फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ साली आली. ते खुलं आणि मोफत आहे आणि आज बाजारातले जवळजवळ सगळे म्युझिक प्लेअर ते वाजवतात. ॲलॅक हे ॲपलचं स्वरूप. ते २००४ मध्ये आलं आणि २०११ मध्ये ॲपलने ते खुलं केलं. दर्जात दोन्हींमध्ये तसूभर फरक नाही, कारण दोन्हींतून निघणारा डेटा तोच असतो. तुमच्याकडे आयपॉड किंवा आयफोन असेल तर ॲलॅक सोयीचं पडतं.

वेव्हमध्ये घडी घातलेलीच नसते. त्यामुळे जागा खूप जाते आणि टॅगची व्यवस्थाही कच्ची. गायक, अल्बम, कव्हर यांचा प्लेअरवर पत्ताच लागत नाही. वेव्ह ‘जास्त मोकळं’ वाजतं असं सांगणारे भेटतात, पण फ्लॅक उलगडून जे हाती येतं ते वेव्हमधलंच असतं, आणि संगणकावर हे दोन मिनिटांत पडताळता येतं. एप म्हणजे मंकीज ऑडिओ. ते फ्लॅकपेक्षा थोडं जास्त आटवतं, पण उलगडायलाही आटवण्याइतकीच मेहनत लागते. त्याच्या वरच्या पातळीच्या फाइलींनी लहान प्लेअरचा प्रोसेसर धापा टाकतो आणि गाणं अडखळतं. अशा फाइली असतील तर त्या सरळ फ्लॅकमध्ये बदला. लॉसलेसमधून लॉसलेसमध्ये जाताना काहीच गमावत नाही, कितीही वेळा बदललं तरी.

फ्लॅकची ० ते ८ पातळी कुठली ठेवू?

मूळची ५ ठीक आहे. ८ ने जागा अगदी थोडी वाचते, बनवायला वेळ जास्त लागतो. आवाज सगळ्या पातळ्यांवर एकच आणि वाजवताना प्लेअरवर पडणारा भारही जवळजवळ सारखाच.

एमपी३ फ्लॅकमध्ये बदललं तर दर्जा सुधारेल का?

नाही. फाइल काही पटींनी मोठी होईल, आवाज तोच राहील. शिवाय पुढे कधीतरी तुम्हीच ती फाइल अस्सल समजून बसाल, हे नुकसान वेगळंच.

मिळालेली फाइल खरी लॉसलेस आहे हे कसं ओळखायचं?

संगणकावर स्पेक किंवा ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम बघा. आडवा अक्ष वेळेचा, उभा कंप्रतेचा (फ्रीक्वेन्सीचा). सीडीवरून आलेल्या फाइलीत रंग सहसा वर २२ किलोहर्ट्झपर्यंत विरळ होत जातो. १२८ किलोबिटांच्या एमपी३मध्ये १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसते आणि तिच्या वर काळोख. ३२० मध्ये ही रेघ २० च्या जवळ सरकते, म्हणून पकडायला कठीण जाते. मात्र निकाल देण्याची घाई करू नका. जुन्या टेपवरून आलेल्या ध्वनिमुद्रणात वरच्या कंप्रता मुळातच नसतात. तिथे रंग हळूहळू मावळतो, सरळ रेघेत कापला जात नाही. हा फरक दोन-चार फाइली शेजारी ठेवून बघितलात की डोळ्यांत बसतो.

खरं सांगा, फरक ऐकू येतो का?

चांगल्या एन्कोडरने बनवलेला ३२० किलोबिटांचा एमपी३ आणि फ्लॅक यांत बहुतेक लोकांना, बहुतेक गाण्यांत फरक सांगता येत नाही. मीही स्वतःची परीक्षा घेतली आहे. फूबार २००० या संगणकावरच्या म्युझिक प्लेअरमध्ये आंधळी चाचणी घेणारी सोय जोडता येते. कुठली फाइल वाजते आहे ते न दाखवता ती पुन्हा पुन्हा विचारते. १२८ किलोबिटांना मी झांजांवरून पटकन ओळखलं. झांजेचा झणकार विरताना पाण्यात बुडल्यासारखा गुळगुळीत होतो. ३२० ला मात्र माझी उत्तरं नाणेफेकीच्याच जवळ राहिली.

चाचणी घेताना दोन्हींची आवाजाची पातळी सारखी ठेवा. जरासा मोठा आवाज आपल्याला नेहमीच ‘चांगला’ वाटतो आणि मग तुलना खोटी पडते.

तरीही मी लॉसलेसच साठवतो, आणि त्यामागे एक चुटपुट आहे. फार पूर्वी जागा वाचवण्यासाठी मी घरातल्या सगळ्या सीडी १२८ किलोबिटांत उतरवल्या आणि सीडी देऊन टाकल्या. त्यातली काही ध्वनिमुद्रणं मला पुन्हा कुठेही मिळाली नाहीत. आज चांगला हेडफोन कानावर आहे आणि त्यातून त्या झांजा तशाच बुडालेल्या ऐकू येतात. लॉसलेस फाइलीतून उद्या हवं ते, हव्या त्या दर्जाचं बनवता येतं.

मग २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइली घ्याव्यात का?

ऐकण्यासाठी गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतची कंप्रता जशीच्या तशी उभी करता येते. म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २२.०५ पर्यंत, आणि माणसाचा कान तरुणपणीही २० च्या आसपास थांबतो. १६ बिटांमुळे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. प्रवासात, आजूबाजूच्या गोंगाटात त्यातलं निम्मंही वापरलं जात नाही. २४ बिट ध्वनिमुद्रण करताना आणि मिक्स करताना खरोखर उपयोगी पडतात, कारण तिथे चुकीला जागा हवी असते.

एक अपवाद मी मानतो. कधीकधी अशा हाय-रेझोल्युशन आवृत्तीचं मास्टरिंगच, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावरचा शेवटचा हातच, वेगळा, जास्त काळजीने फिरवलेला असतो. तेव्हा जो फरक ऐकू येतो तो खरा असतो, पण तो मास्टरिंगचा. ती फाइल १६ बिट, ४४.१ मध्ये उतरवून ऐका, तो फरक तसाच टिकलेला आढळेल.

आणि खरेदीआधी प्लेअरची मर्यादा बघा. काही प्लेअर ४८ किलोहर्ट्झच्या वरच्या फाइली उघडतच नाहीत, काही ९६ ला थांबतात. पेटीवर ‘फ्लॅक चालतं’ एवढंच लिहिलेलं असतं. नमुन्यांचा दर आणि बिट यांची कमाल मर्यादा तपशिलांच्या तक्त्यात शोधावी लागते.

जागा किती लागेल?

सीडी दर्जाचा एक तास घडी न घालता सुमारे ६३५ एमबी होतो. फ्लॅकमध्ये तो साधारण निम्मा ते सत्तर टक्के उरतो, म्हणजे ३२० ते ४४० एमबी. तोच तास ३२० किलोबिटांच्या एमपी३मध्ये १४४ एमबी. १२८ जीबीच्या कार्डात सीडी दर्जाचं फ्लॅक साधारण तीनशे तास मावतं. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा एक तास मात्र मुळात चार जीबीच्या वर जातो, आटवला तरी अवाढव्यच राहतो.

नवं मोठं कार्ड घातलं, प्लेअर ओळखतच नाही.

३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात. जुन्या प्लेअरला फॅट३२च कळतं. कार्ड फॅट३२मध्ये पुन्हा फॉरमॅट केलं की अनेकदा तेच प्लेअर १२८ जीबीचं कार्डही मुकाट्याने वाचतात. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत एवढ्या मोठ्या कार्डासाठी हा पर्याय बराच काळ नव्हता, त्यामुळे त्यासाठी वेगळं छोटं साधन वापरावं लागतं. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, पण एकेका गाण्याच्या फाइलीला ही अडचण येत नाही.

कार्ड घेतल्यावर पहिल्याच दिवशी ते तपासून घ्या. एका विक्रेत्याकडून मी २५६ जीबीचं म्हणून कार्ड आणलं. संगणकानेही २५६ च दाखवलं. फाइली भरल्या, नावं सगळी दिसत होती, पण पहिल्या ३२ जीबीनंतरचं एकही गाणं वाजेना. आत जागाच तेवढी होती. कार्डाचा चिप खोटं सांगत होता आणि पुढचा सगळा डेटा हवेत गेला होता. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफथ्री ही साधनं कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. वेळ लागतो, पण लावावा.

सीडीवरून उतरवताना काय काळजी घेऊ?

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही ॲक्युरेटरिपशी जोडलेले आहेत. म्हणजे तुमच्या सीडीवरून निघालेल्या गाण्याच्या डेटाची बेरीज (चेकसम) इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या बेरजेशी ताडून बघितली जाते. जुळली की निर्धास्त व्हा. ओरखडे असलेली सीडी आधी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका.

एक गाणं संपून दुसरं सुरू होताना खंड पडतो. फाइलीतच दोष आहे का?

फाइलीत नाही. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात हे फार खुपतं. आलाप एका ट्रॅकवर, बंदिश पुढच्यावर. मागे तानपुरा अखंड चालू असतो आणि नेमका जोडावर अर्धा सेकंद तो गळा दाबल्यासारखा बंद होतो. लागलेला सूर तुटतो. फ्लॅकमध्ये गाण्याचे नेमके किती नमुने आहेत हे लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन ट्रॅक एकमेकांना चिकटवून वाजवायला काहीच आडकाठी नाही. मात्र पहिलं संपण्याआधी दुसरं उघडून तयार ठेवणं हे प्लेअरचं काम. सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ शोधा आणि चालू करा. क्रॉसफेड चालू असेल तर बंद करा. गॅपलेसचा पर्यायच नसेल तर फर्मवेअर, म्हणजे प्लेअरचं आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करून बघा. मी नवा प्लेअर घेताना पहिल्यांदा हीच गोष्ट तपासतो, बाकी आकडे नंतर.

पूर्ण अल्बमची एकच मोठी फ्लॅक आहे, सोबत क्यू फाइल. प्लेअर एकच गाणं दाखवतो.

क्यू फाइल म्हणजे कुठलं गाणं कितव्या मिनिटाला सुरू होतं याची साधी यादी. सगळे प्लेअर ती वाचत नाहीत. संगणकावर फूबार २०००ने किंवा क्यूटूल्सने अल्बमचे वेगळे ट्रॅक करून घ्या. दर्जाला धक्का लागत नाही.

गाण्यांचा क्रम उलटसुलट होतो.

ट्रॅक क्रमांकाचा टॅग भरलेला आहे का ते बघा. फोल्डरनुसार वाजवत असाल तर फाइलीच्या नावापुढे ०१, ०२ असे दोन अंकी आकडे लावा, नाहीतर १ नंतर थेट १० येतं. काही साधे प्लेअर नावही बघत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने फाइली चढल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी फोल्डर पुसून गाणी क्रमाने पुन्हा चढवणं हाच उपाय.

एक अल्बम दहा तुकड्यांत विखुरलेला दिसत असेल तर ‘अल्बम कलाकार’ हा टॅग सगळ्या गाण्यांना एकच द्या. द्वंद्वगीतांच्या अल्बममध्ये हे हमखास होतं. टॅगसाठी एमपी३टॅग हे साधन उत्तम. नाव काहीही असलं तरी त्यात फ्लॅकही हाताळता येतं.

प्रत्येक गाणं दोनदा दिसतं आणि त्यातलं एक वाजत नाही.

तुम्ही मॅकवरून गाणी चढवलीत. मॅक अशा कार्डावर प्रत्येक फाइलीसोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल ठेवतं. मॅकवर ती दिसत नाही, प्लेअरला मात्र दिसते आणि शेपटाला फ्लॅक लिहिलेलं असल्यामुळे ते गाणंच समजून बसतं. टर्मिनलमध्ये ‘डॉट_क्लीन’ (dot_clean) ही आज्ञा कार्डावर चालवा किंवा तेवढ्या फाइली विंडोजवर पुसा.

देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात.

टॅग बरोबरच असणार. फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्येच लिहिले जातात. उणीव प्लेअरच्या फाँटची असते. काहींवर चौकोन दिसतात, तर काहींवर अक्षरं येतात पण वेलांटी आणि जोडाक्षरं मोडतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, ‘स्वर’मधला ‘स’ हलंत होऊन सुटा पडतो. अक्षरं ओळीने मांडणं आणि देवनागरी जुळवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि लहान प्लेअरना दुसरं येत नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये ही अडचण सहसा नसते. इतरांसाठी मी प्लेअरवरच्या प्रतीचे टॅग रोमन लिपीत करून घेतो. संगणकावरच्या मूळ संग्रहात नावं देवनागरीतच ठेवतो, ती बदलत नाही.

कव्हरचं चित्र काही गाण्यांना दिसतं, काहींना नाही.

चित्र प्रोग्रेसिव्ह जेपेग असेल किंवा फार मोठं असेल तर अनेक प्लेअर ते सोडून देतात. साधं बेसलाइन जेपेग, ५०० बाय ५०० पिक्सेल, एवढं करून पुन्हा जोडा.

एक गाणं कानठळ्या बसवतं, पुढचं ऐकूच येत नाही.

रिप्लेगेन वापरा. संगणक गाणं मोजून ‘हे इतके डेसिबल खाली वाजव’ एवढी नोंद टॅगमध्ये करतो. आवाजाच्या डेटाला हात लागत नाही. प्लेअरमध्ये ही सोय चालू करावी लागते. अल्बम सलग ऐकत असाल तर ‘अल्बम’ पर्याय निवडा, म्हणजे हळुवार गाणं हळुवारच राहतं. मिसळून ऐकत असाल तर ‘ट्रॅक’.

ब्लूटूथ हेडफोनवर लॉसलेस पोचतं का?

जवळजवळ कधीच नाही. प्लेअर फ्लॅक उलगडतो आणि ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी पुन्हा लॉसी, म्हणजे काही भाग टाकून देणाऱ्या, पद्धतीने आवळतो. आवळण्याच्या या पद्धतींपैकी एसबीसी सगळ्यांत असतंच, त्याशिवाय एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटांपर्यंत जातं आणि ऐकायला छान आहे, पण तेही लॉसलेस नाही. ॲप्टएक्स लॉसलेस सीडी दर्जा पोचवू शकतं, मात्र ते दोन्ही टोकांना असायला हवं आणि सिग्नलही भक्कम हवा. नाहीतर ते आपोआप खालच्या दर्जावर येतं. फाइलीतलं सगळं कानापर्यंत हवं असेल तर तार लावा.

फ्लॅकने बॅटरी लवकर संपते का?

फ्लॅक उलगडणं अगदी हलकं काम आहे. पूर्वी हार्डडिस्कवाल्या प्लेअरमध्ये मोठ्या फाइलींसाठी तबकडी सारखी फिरवावी लागायची, तेव्हा फरक जाणवायचा. आता बॅटरी खातात ती स्क्रीन आणि हेडफोनला लागणारी ताकद.

माझ्याकडे जुना आयपॉड पडून आहे. त्यावर फ्लॅक चालेल?

त्याच्या मूळ सॉफ्टवेअरवर नाही. दोन वाटा आहेत. एक, फ्लॅकचं ॲलॅक करून चढवा. दुसरी, रॉकबॉक्स बसवा. हे मोफत, खुलं फर्मवेअर बऱ्याच जुन्या आयपॉडवर आणि इतर अनेक प्लेअरवर चालतं, आयपॉड टचवर मात्र नाही. फ्लॅक, ॲलॅक, वेव्हपॅक, क्यू फाइली, गॅपलेस, रिप्लेगेन हे सगळं त्यात आहे, आणि गाणी साध्या फोल्डरसारखी ओढून टाकता येतात. बसवण्याआधी आतली गाणी संगणकावर घ्या.

फोन असताना वेगळा प्लेअर हवाच का?

हवाच असं नाही. फ्लॅक वाजवणारं ॲप आणि चांगला छोटा यूएसबी डॅक (डिजिटल डेटाचा हेडफोनला लागणारा सिग्नल बनवणारं साधन) असला की फोन उत्तम काम करतो. अनेक अँड्रॉइड फोन सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झवर आणून मगच बाहेर सोडतात. ते टाळायचं असेल तर डॅकला थेट डेटा देणारं ॲप वापरावं. वेगळ्या प्लेअरचा मला वाटणारा फायदा दुसराच आहे. त्यावर फोन येत नाहीत, निरोप येत नाहीत, आणि बटणं खिशात हात घालून न बघता दाबता येतात.

एक गाणं दर वेळी त्याच जागी अडकतं किंवा कर्र वाजतं.

आधी तीच फाइल संगणकावर वाजवा. तिथे ठीक असेल तर कार्डावरची प्रत बिघडली आहे. पुसून पुन्हा चढवा, आणि या वेळी प्लेअर ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा. संगणकावरही अडकत असेल तर फ्लॅकची स्वतःची तपासणी चालवा. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ ठसा साठवलेला असतो. तपासणीत फाइल पूर्ण उलगडून तो ठसा पुन्हा काढला जातो आणि जुळवून बघितला जातो. जुळला नाही तर ती फाइल गेली, ती राखीव प्रतीतून परत आणावी लागते. वेव्हमध्ये असा ठसा नसतो, बिघाड झाला तरी ऐकेपर्यंत कळत नाही.

माझा संग्रह संगणकावर असतो, त्याची प्रत एका वेगळ्या हार्डडिस्कवर असते, आणि वर्षातून एकदा रात्रभर सगळ्या फाइलींची ही तपासणी मी चालू ठेवतो. सकाळी यादीच्या शेवटी एखादी चूक दिसलीच, तर ते गाणं दुसऱ्या प्रतीतून आणून त्याच दिवशी जागच्या जागी ठेवतो.